दोघंच जा

लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेल्या मराठी जोडप्याला "तुम्ही दोघंच कुठेतरी जाऊन या" असं सुचवणं हे प्रेमाचं लक्षण आहे, असं सुचवणाऱ्याला वाटतं. ऐकणाऱ्या दोघांच्या पोटात मात्र गोळा येतो. कारण मराठी जोडपं दोघंच असं कुठे जातच नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला जावं, तर त्याच हॉटेलात आत्याचे व्याही उतरलेले निघतात आणि उरलेली सहल त्यांच्याबरोबर पत्ते कुटण्यात जाते. मग मुलं होतात. मुलांबरोबर सासूबाई येतात आणि सासूबाईंबरोबर त्यांच्या गुडघ्यांचं तेल येतं. मुलं मोठी झाली की प्रवासी कंपनीच्या बसमधली चाळीस माणसं येतात, त्यातले निदान सहा जण जोशी असतात. या सगळ्या वर्षांत नवरा-बायको शेजारी बसतात ते फक्त बसमध्ये, आणि खिडकी कोणाला यावरून तिथेही बोलणं बंदच असतं.

संसार तिपाईसारखा असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. दोन पायांवर तो उभा राहत नाही, तिसरा लागतो. हा तिसरा पाय म्हणजे मूल, सासू, शेजारी, मोलकरीण, टीव्हीवरची मालिका, काहीही चालतं. आमच्या लहानपणी आई आम्हाला सांगायची, "बाबांना म्हणावं, पानं वाढलीत." बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. ते पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "आईला सांग, आलोच." अशा निरोप्यांच्या जिवावर त्या पिढीने अर्धशतकी संसार केले.

आमची लेक मँचेस्टरला असते. तिला बाळ झालं म्हणून आम्ही पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर, एक बॅग कपडे आणि बाकीच्या बॅगांत डिंकाचे लाडू घेऊन गेलो होतो. ऑक्टोबर उजाडला आणि लेकीने जाहीर केलं, "आई, बाबा, तुमचं केझिकचं बुकिंग केलंय. तळ्याकाठचं बाजाराचं गाव आहे. सध्या पानगळीचे रंग काय सुंदर असतात तिथे! दोघंच जा. मस्त बोला एकमेकांशी."

"आम्ही बोलतो की," ही म्हणाली. "परवाच यांना म्हटलं, गीझर बंद करा."

जावई मागे उभा राहून प्रसन्नपणे मान डोलावत होता. ही सहल नक्की कोणाच्या विश्रांतीसाठी आहे, ते त्या मान डोलावण्यावरून माझ्या लक्षात आलं.

केझिक म्हणजे इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यात, डोंगर आणि तळ्यांच्या मुलखातलं गाव. पेनरिथपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. 'मस्त बोला' हा आदेश आम्ही फार मनावर घेतला होता. प्रेस्टन येईपर्यंत नातवाचं बोलून झालं. लँकेस्टरपर्यंत जावई पुरला. ऑक्सनहोम गेलं तेव्हा पुण्यातली मोलकरीण, गॅलरीतल्या कुंड्या आणि सोसायटीची लिफ्ट हे तिन्ही विषय एका दमात संपले होते. पेनरिथला उतरलो तेव्हा आमच्यापाशी चिवडा शिल्लक होता, विषय नव्हता.

केझिकची वस्ती पाच हजारांच्या आसपास. पण ऑक्टोबरात रस्त्यावर जी माणसं दिसतात ती गावकरी नसतात, आमच्यासारखीच 'दोघंच' आलेली असतात. सगळी साठीच्या पलीकडची, सगळ्यांच्या अंगात रेनकोट, सगळ्यांच्या पायांत चिखलाचे बूट. आणि सगळ्यांबरोबर कुत्रा. कुत्र्यांचं मनापासून स्वागत करणारं गाव म्हणून केझिकचा लौकिक आहे. दुकानाच्या उंबऱ्याशी कुत्र्यांसाठी पाण्याची वाटी, पबमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं, तळ्यातल्या लाँचवर कुत्र्यांना मुभा. पहिल्या तासाभरात मला वाटलं, इंग्रज माणूस प्राणिप्रेमी आहे. मग आम्ही एका कॅफेत शेजारच्या टेबलाचं नीट निरीक्षण केलं आणि खरा प्रकार उलगडला.

तिथे एक जोडपं समोरासमोर बसलं होतं. मध्ये, टेबलाखाली, केसाळ कुत्रा. बाई कुत्र्याला म्हणाली, "डॅडींना वाटतंय, आता पाऊस उघडेल." गृहस्थ कुत्र्याला म्हणाले, "मम्मीला मात्र तसं वाटत नाही, नाही का?" बाई म्हणाली, "डॅडींनी कालही असंच म्हटलं होतं." कुत्रा न्यायमूर्तींच्या तटस्थपणाने एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. त्यांचा चहा संपेपर्यंत त्या दोघांनी एकमेकांना उद्देशून एक अक्षर उच्चारलं नाही, पण संवाद अखंड चालू होता.

"अहो," ही माझ्या कानाशी लागली, "हे तर आपल्यासारखंच!"

आपल्यासारखंच, पण इंग्रजांनी व्यवस्था पक्की केलेली. आपली मुलं मोठी होऊन मँचेस्टरला जातात. कुत्रा जात नाही.

शनिवार हा केझिकच्या बाजाराचा दिवस. गुरुवारीही भरतो, पण आम्ही शनिवार गाठला होता. गावाला हा बाजार भरवायची सनद पहिल्या एडवर्ड राजाने १२७६ साली दिली. त्या वर्षी आपल्याकडे देवगिरीला रामदेवराव यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वरी सांगून व्हायला अजून चौदा वर्षं होती. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तेव्हापासून भरतोय ना, मग दहा मिनिटं तुम्ही गप्प राहिलात तर बंद नाही पडायचा," आणि चीजच्या टपरीत शिरली.

बाजाराच्या मधोमध मूट हॉल नावाची पांढऱ्या मनोऱ्याची इमारत आहे. आत्ताची १८१३ सालची. तिच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासांचा. मिनिटांची भानगडच नाही. बायकोबरोबर बाजारात आलेल्या नवऱ्यांसाठी इतकी समंजस सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. "पाच मिनिटांत आले" असं सांगून ती गेली तर किती मिनिटं झाली, हे त्या घड्याळात कळायला काही मार्गच नसतो. त्याच्या खाली नवऱ्यांची एक शांत रांग उभी होती. प्रत्येकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. माझ्याच हातात काही नव्हतं, म्हणून मला जरा उघडं-उघडं वाटत होतं.

आगगाडीत मिटलेली ही, बाजारात मात्र फुलली. लोकरीचे मोजे, मेंढीच्या कातड्याच्या चपला, साबण, पाव, मुरांबे, चालायच्या काठ्या आणि वेटोळं घातलेले लांबलचक कंबरलँड सॉसेज. हे शेवटचं प्रकरण तिने दुरूनच पाहिलं आणि पदर नसताना पदर सावरला. भाव कोणाशीच करायचा नाही, अशी लेकीची सक्त ताकीद होती. हिने भाव केला नाही. फक्त किंमत ऐकली, वस्तू खाली ठेवली आणि विक्रेत्याकडे असं काही पाहिलं, की मोजेवाल्याने आपण होऊन दुसऱ्या जोडीवर सूट दिली. मंडईत घडलेल्या बाईला भाषेची अडचण येत नाही.

या गावात गिर्यारोहणाच्या सामानाची दुकानं इतकी, की नुसतं दूध आणायला निघालेला माणूसही एव्हरेस्टच्या तयारीने घरी परतावा. अशाच एका दुकानाबाहेर एका साहेबाने मला विचारलं, आज कोणता डोंगर केलात? मग त्याने समोरच्या स्किडॉची महती सांगितली. उंची ९३१ मीटर. इंग्लंडातलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक, तेही इथून फार लांब नाही, ९७८ मीटर. माझ्यातला पुणेकर खडबडून जागा झाला. मी म्हणालो, "आमचा सिंहगड तेराशे मीटरच्या वर आहे. तिथे आम्ही रविवारी सकाळी पिठलं-भाकरी खायला जातो." साहेब आदराने मागे सरकला. मग मी पावसाकडे वळलो. शेजारच्या बॉरोडेल दरीतलं सीथवेट म्हणजे इंग्लंडातलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर. मी आंबोलीचा आकडा सांगितला, तो याच्या दुपटीच्या घरात. साहेबाची टोपी डोक्यावरून निघायचीच बाकी होती.

"सिंहगडावर तुम्ही गाडीने जाता, हेही सांगा की," ही मराठीत म्हणाली. साहेबाला मराठी येत नव्हतं, हे माझं भाग्य.

दुपारी डर्वेंटवॉटर तळ्याच्या लाँचमध्ये बसलो. पाच-पावणेपाच किलोमीटर लांब तळं, आणि धक्के घेत घेत पन्नासेक मिनिटांत पूर्ण प्रदक्षिणा. काठावरची झाडं पिवळी-तांबूस झाली होती, डोंगरउतारावरचं नेचं पार गंजलं होतं आणि ते सगळं पाण्यात उलटं पडलेलं. अशा वेळी प्रेमळ जोडप्याने एकमेकांकडे पाहावं, असं चित्रपटांत असतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "नातू उठला असेल," ही म्हणाली.

तळ्याच्या मध्ये डर्वेंट बेट आहे. ते १७७८ मध्ये जोसेफ पॉकलिंग्टन नावाच्या धनिकाने विकत घेतलं. शांतता हवी म्हणून माणूस बेट घेतो. याने तिथे घर बांधलं, खोटा किल्ला बांधला, खोटं चर्च आणि प्राचीन शिलावर्तुळाची नक्कलही उभारली. मग एवढ्या शांततेचं काय करायचं, ते त्यालाही सुचेना. तेव्हा त्याने नौकांच्या शर्यती आणि लुटुपुटूच्या लढाया सुरू केल्या. गावकरी होड्यांतून बेटावर हल्ला करत आणि हा गडावरून तोफा डागून त्यांना परतवत असे. डोंगरात त्याने एक आश्रमही बांधला होता म्हणे. तिथे तपस्वी होऊन राहील त्याला रोज अर्धा क्राउन देऊ केला, तर कोणी फिरकलं नाही, असं सांगतात.

"रोजचा पगार, वर कोणाशी बोलायला नको आणि स्वयंपाकही नको," ही विचारात पडली. "अर्ज कुठे करायचा असतो?"

तेवढ्यात फोटोची वेळ झाली. मी हिचा काढला, हिने माझा काढला. दोघांचा एकत्र काढायचा तर तिसरं माणूस लागतंच. शेवटी आमच्या पलीकडच्या आजीबाईंनी फोटो काढला. त्यात आमच्यापेक्षा त्यांचा कुत्रा ठळक आला आहे.

या मुलखाची कीर्ती कवींमुळे. निसर्ग आणि एकांत यांवर त्यांनी दस्तेच्या दस्ते लिहिले, म्हणून आजही लोक इथे एकांत शोधत येतात. प्रत्यक्षात हे कवी कसे राहत होते, हे पाहण्यासारखं आहे. दक्षिणेला ग्रासमिअरला राहणाऱ्या वर्डस्वर्थचं लग्न झालं ४ ऑक्टोबर १८०२ रोजी, म्हणजे ऐन पानगळीत. त्याच दिवशी नवं जोडपं घोडागाडीने घराकडे निघालं. गाडीत माणसं किती? तीन. नवरा, नवरी आणि नणंद. डोरोथी वर्डस्वर्थ लग्न लागताना चर्चमध्ये गेली नव्हती, पण परतीच्या गाडीत मात्र बसली आणि पुढे जन्मभर त्यांच्याच घरी राहिली. आपल्याकडे पाठराखीण निदान चार दिवसांनी माहेरी परतते.

केझिकच्या ग्रेटा हॉलची कथा तर अस्सल मराठी कादंबरीची आहे. कवी कोलरिज १८०० मध्ये बायको-मुलांसह तिथे आला. १८०३ मध्ये कवी सदी सहकुटुंब आला. दोघे एकमेकांचे साडू. आणखी एक मेव्हणी, तीही एका कवीचीच विधवा, त्यांच्याबरोबर. पुढच्याच वर्षी कोलरिज तब्येतीचं निमित्त सांगून माल्टाला निघून गेला, आणि सदीने स्वतःचा संसार, साडवाचा संसार आणि मेव्हणी हे सगळं लेखणीच्या कमाईवर वर्षानुवर्षं ओढलं. तीन अस्वलांची ती प्रसिद्ध गोष्ट छापली ती यानेच, १८३७ मध्ये. परक्या बाईने न विचारता घरात शिरून खीर खाणं आणि अंथरुणावर लोळणं, हे त्याला कुठून सुचलं असेल, हे त्या घरातली माणसं मोजली की कळतं. याच घरात बसून, हिंदुस्थानचं तोंडही न पाहता, त्याने आपल्या पुराणांतल्या देवांवर एक लांबलचक महाकाव्य रचलं होतं. घरात तीन सख्ख्या बहिणी एकत्र नांदत असल्या की माणसाला तेहतीस कोटींचा आधार वाटत असावा.

संध्याकाळकडे पाऊस कोसळू लागला, तेव्हा ग्रेटा हॉलच्या जवळच असलेल्या पेन्सिलींच्या संग्रहालयात शिरलो. पेन्सिलींचं कसलं संग्रहालय, असं मनात होतं. पण सोळाव्या शतकात बॉरोडेलच्या डोंगरात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं आणि त्यावरच पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. सुरुवातीला मेंढपाळ त्याने आपल्या मेंढ्यांवर खुणा करत. मग कळलं की तोफगोळ्यांच्या साच्यांना ते आतून लावता येतं, आणि भाव असा चढला की खाणीवर पहारे बसले, चोरी करणाऱ्याला १७५२ च्या कायद्याने कडक शिक्षा ठरली. १८३२ पासून गावात पेन्सिलींचे कारखाने होते. आठेक मीटर लांबीची एक अगडबंब रंगीत पेन्सिलही इथे टांगली आहे.

आम्ही रेंगाळलो ते दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्सिलीपाशी. वैमानिकांसाठी केझिकच्या कारखान्यात गुपचूप बनवलेली. दिसायला साधी, पण आत पोकळ. त्यात गुंडाळलेला नकाशा आणि मागच्या टोकाला इवलंसं होकायंत्र. विमान शत्रूच्या प्रदेशात पडलं तर वाट शोधायला. कारखान्यातल्या मोजक्या माणसांनी रात्री, गुप्ततेची शपथ घेऊन ही भरली.

"अशी एक यांना द्या," ही काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. "रस्ता चुकले तरी कोणाला विचारत नाहीत."

मुलगी हसली. माझ्याविषयीची एक तक्रार योग्य ठिकाणी नोंदवली गेल्याच्या समाधानात हिने नातवासाठी रंगीत पेन्सिलींचा डबा घेतला. नातवाला अजून दात आलेले नाहीत.

त्या रात्री कोजागिरी होती. हिने केशर आणि वेलचीची पूड पुण्याहूनच आणली होती. आम्ही उतरलो होतो त्या घरात प्रत्येक खोलीत चहाची किटली आणि दुधाच्या छोट्या डब्या ठेवतात. एका डबीत दोन चमचे दूध. ही खाली जाऊन घरमालकीणबाईंकडे आणखी डब्या मागायला लागली. पहिल्या मागणीला त्या हसल्या, दुसऱ्या मागणीला त्यांनी कारण विचारलं, आणि हिने कारण सांगताच त्या दुधाची अख्खी बाटली, पातेलं आणि आपला म्हातारा लॅब्रॅडॉर घेऊन स्वयंपाकघरातच बसल्या. ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही. पण दूध आटेपर्यंत हिने त्यांना लेकीचं बाळंतपण, जावयाचा स्वभाव आणि माझं घोरणं हे सर्व सविस्तर ऐकवलं. मी समोरच होतो. माझ्याविषयीच्या कित्येक गोष्टी मला त्या रात्री प्रथमच कळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना खोल्या आवरायच्या होत्या. लॅब्रॅडॉर तोंडात पट्टा धरून आमच्यापुढे उभा राहिला. "नेता का त्याला तळ्यापर्यंत?" त्यांनी विचारलं. त्याचं खरं नाव आमच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून हिने रात्रीच त्याचा बाळू केला होता.

फ्रायर्स क्रॅग म्हणजे तळ्यात घुसलेली खडकाची सोंड. तिथे लेखक जॉन रस्किनचं स्मारक आहे. लहानपणी दाईने आपल्याला इथे आणलं, ही आयुष्यातली पहिली आठवण, असं त्याने लिहून ठेवलं आहे. "दाईने का आणलं? आई-बाप दोघंच कुठेतरी गेले असणार," हिने निष्कर्ष काढला.

बाळू मध्ये, ही एका बाजूला, मी दुसऱ्या. वारा बोचरा होता. थोडं अंतर गेल्यावर ही म्हणाली, "बाळू, यांना सांग, मफलर गळ्यात बांधायला असतो. खिशात ठेवायला नाही."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "बाळू," मी म्हणालो, "हिला सांग, आधी गुडघ्याचं बघ. कधीपासून डॉक्टरकडे जायचं टाळतेयस ते."

"सांग यांना, ऑपरेशन झाल्यावर घर कोण बघणार?"

"सांग तिला, मी बघेन. वरणभात येतो मला."

"यांना म्हणावं, वरणात हिंग घालतात हे तरी माहितीय का?"

बाळूच्या अंगावरून मग पुष्कळ काही गेलं. पुण्यातलं घर ठेवायचं की लहान घ्यायचं. लेकीकडे कितीदा यायचं, आणि तिने बोलावलं नाही तर काय करायचं. माझ्या पेन्शनीचं, हिच्या भावाशी तुटलेल्या बोलण्याचं. कुठल्याही स्टेशनात संपले नसते असे विषय. तो बिचारा एकेका झाडापाशी थांबत होता आणि आम्हीही त्याच्याबरोबर थांबत होतो.

समोरून एक वयस्क इंग्रज जोडपं येत होतं. त्यांच्याबरोबर काळापांढरा कुत्रा. आमचं बोलणं त्यांनी थोडा वेळ उभं राहून ऐकलं, आणि गृहस्थ आपल्या कुत्र्याला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले हो ते?" हिने विचारलं.

"म्हणाले, बघ, किती शहाण्यासारखा ऐकून घेतोय."

"कोण?"

"ते काही त्यांनी सांगितलं नाही."